रोमने समुद्रावर कार्थेजला हरवलं ते नेमकं कशाच्या जोरावर?

जिज्ञासू_वाचक

पहिल्या प्युनिक युद्धाबद्दल (रोम विरुद्ध उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज, इ.स.पू. २६४ ते २४१) जिथे तिथे एकच कथा वाचायला मिळते. रोमकडे आरमार नव्हतं. कार्थेजचं एक जहाज इटली आणि सिसिली यांच्यामधल्या मेसानाच्या सामुद्रधुनीत रुतलं, ते बघून रोमनांनी ६० दिवसांत आरमार उभं केलं, त्यावर 'कावळा' नावाचा पूल बसवला आणि पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर वावरलेल्या कार्थेजला पाणी पाजलं.

माझे तीन प्रश्न आहेत. जहाज बघून जहाज बांधता येतं हे एक वेळ मान्य, पण वल्ही मारणारी हजारो माणसं कुठून आली आणि ती शिकली कशी? कावळा इतका गुणी होता, तर युद्धाच्या उत्तरार्धात तो कुठे गेला? आणि वादळांत शेकडो जहाजं बुडाल्यावरही रोम पुन्हा पुन्हा उभं राहिलं, त्यामागे पैसा आणि माणसं कुणाची होती?

---

वल्हं_आणि_सुकाणू

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, कारण कथेतला सगळ्यांत कच्चा भाग तिथेच आहे.

'आरमार नव्हतं' हे अर्धसत्य आहे. इ.स.पू. ३११ पासून रोममध्ये जहाजांसाठी दोन अधिकारी नेमले जात होते, फक्त जहाजं लहान आणि मोजकी होती. २६४ मध्ये सैन्य सिसिलीत उतरलं ते टारेंटम, लोक्री, एलिआ आणि नेआपोलिस या दक्षिण इटलीतल्या ग्रीक शहरांच्या जहाजांतून. म्हणजे सुतार, सुकाणूवाले, दोरकाम जाणणारे लोक रोमच्या दोस्तांकडे आधीपासून होते. नव्हती ती क्विंक्वेरीम, त्या काळचं मोठं लढाऊ जहाज. त्या एका गोष्टीसाठी रुतलेल्या जहाजाचा नमुना कामाला आला.

२६१ च्या सुमारास ठरलं की १०० क्विंक्वेरीम आणि २० ट्रायरीम (त्याहून लहान लढाऊ जहाजं) बांधायच्या. ६० दिवसांचा आकडा रोमन लेखक प्लिनीचा आहे. तो अशक्य वाटतो, पण बांधणीची पद्धत बघितली की थोडा पटायला लागतो. या जहाजांत आधी सांगाडा आणि मग फळ्या असा क्रम नव्हता. आधी फळ्यांचं कवच उभं करायचं: फळीच्या कडेत खाचा पाडायच्या, त्यांत लाकडाची चपटी जीभ बसवायची, वरची फळी त्या जिभांवर दाबून बसवायची आणि आडव्या खुंट्या ठोकून सांधा पक्का करायचा. आतल्या बरगड्या नंतर. हे काम किचकट आहे, पण फळ्या आधीच मापून कापून ठेवल्या तर एकेक गट एकेक भाग बनवू शकतो. मार्सालाजवळ समुद्रात सापडलेल्या प्युनिक जहाजाच्या लाकडांवर जोडणीसाठी रंगवलेल्या खुणा आणि अक्षरं आहेत. कार्थेजची माणसं सुटे भाग क्रमाने जोडत होती याचा तो डोळ्यांदेखत पुरावा. असं जहाज हाती लागलं की निव्वळ आकार मिळत नाही, जोडणीचा क्रमही मिळतो.

किंमत मात्र चुकवावी लागते. घाईत कापलेलं लाकूड ओलं असतं. ओलं लाकूड जड, आणि वाळताना ते आकसतं तसे सांधे ढिले होतात. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस स्पष्ट लिहितो की रोमनांची ही पहिली जहाजं बांधायला ओबडधोबड आणि चालवायला जड होती.

आता वल्हेकरी. क्विंक्वेरीम म्हणजे वल्ह्यांच्या पाच रांगा नव्हेत. सगळ्यांत पटणारी मांडणी अशी: एकावर एक तीन वल्ही, वरच्या दोन वल्ह्यांवर दोन-दोन माणसं, खालच्यावर एक. उभ्या ओळीत माणसं पाच, वल्ही तीन. ट्रायरीममध्ये प्रत्येक वल्ह्यावर एकच माणूस, त्यामुळे प्रत्येकजण तरबेज लागतो. क्विंक्वेरीममध्ये दोघांच्या वल्ह्यावर आतला माणूस ताल सांभाळतो, जोडीदाराने फक्त जोर लावायचा. नवख्या लोकांकडून काम काढायला हेच जहाज बरं. ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते, आणि माझ्या मते रोमच्या यशात तिचा वाटा कावळ्याइतकाच आहे.

सराव जमिनीवर झाला. जहाजात असतील त्याच क्रमाने बाकं मांडली, मधे ताल देणारा उभा केला. हुकूम झाला की सगळ्यांनी एकदम मागे झुकून हात छातीशी आणायचे, मग पुढे वाकून हात लांबवायचे, आणि हुकूम होताच एकदम थांबायचं. यातून ताल, दम आणि एकदम थांबणं ही तीन कौशल्यं येतात. लाटेत वल्ह्याचं पातं नेमकं किती खोल बुडवायचं हे येत नाही. म्हणून जहाजं पाण्यात उतरल्यावर थोडा सराव समुद्रावरही झाला, पण थोडाच. कमी पडला ते लगेच दिसलं. २६० मध्ये कॉन्सल (रोमच्या दरवर्षीच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक) ग्नेउस कॉर्नेलिअस सिपिओ १७ जहाजं घेऊन लिपारा बेटावर गेला आणि बंदरातच कोंडला गेला. खलाशी जहाजं सोडून किनाऱ्यावर पळाले, सिपिओ कैद झाला.

आणि वल्हेकरी गुलाम नव्हते. पडद्यावर दिसतात ते साखळदंड या काळाचे नाहीत. रोमचे गरीब नागरिक आणि दोस्त शहरांचे लोक वल्ही मारत.

---

खडूफळा

कावळ्याबद्दल मी लिहितो, मापांसकट. मापं समोर ठेवली की दंतकथा आपोआप गळते.

पॉलिबियसने दिलेलं वर्णन असं: नाळेवर (जहाजाच्या पुढच्या टोकावर) २४ फूट उंच आणि साधारण २२ सेंटीमीटर जाडीचा गोल खांब, वर कप्पी. खांबाभोवती फिरणारी ४ फूट रुंद आणि ३६ फूट लांब फळ्यांची शिडी. शिडीत आतल्या टोकापासून १२ फुटांवर एक लांबट भोक, त्यातून खांब गेलेला. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढा कठडा. पुढच्या टोकाला खाली टोक असलेला मुसळासारखा जड लोखंडी खिळा, त्याच्या डोक्यावर कडी, कडीला दोर, दोर कप्पीवरून मागे.

३६ मधून १२ गेले की राहतात २४, म्हणजे खांबाच्या उंचीइतकेच. शिडीचा पुढचा २४ फुटी भाग दोराने उचलून खांबाला लावून उभा ठेवता येतो आणि दोर सोडला की सगळा भार घेऊन तो शत्रूच्या फळ्यांवर आदळतो. खिळा रुतला की दोन जहाजं बांधली गेली. नाळेला नाळ भिडली असेल तर दोघे दोघे ओळीने जायचं: पुढचे दोघे ढाल समोर धरतात, मागचे ढालीची कड कठड्यावर टेकवून बाजू झाकतात. चार फुटांच्या रुंदीत दोनच माणसं मावतात, त्यामुळे शत्रू आडवा येऊन उभा राहिला तर पुढच्या जोडीवरच सगळं येतं. जहाजं कुशीला कूस लागली तर शिडीची गरजच नाही, सगळीकडून उड्या.

मिलाएच्या लढाईत (२६०) गायस डुइलिअसने हे वापरलं. कार्थेजची १३० जहाजं रांगही न लावता सरळ चालून आली. सेनापती हॅनिबल (हा पुढच्या युद्धातला हॅनिबल नव्हे) ज्या मोठ्या जहाजावर होता ते एके काळी ग्रीक राजा पिऱ्हसचं. पहिली ३० जहाजं त्याच्या जहाजासकट पकडली गेली, तो होडीतून निसटला. उरलेल्यांनी बाजूने आणि मागून यायचा प्रयत्न केला, पण शिडी खांबाभोवती फिरते म्हणून तिथेही पकड बसत होती. एकूण ५० जहाजं गेली. लक्षात घ्या, निम्म्याहून जास्त वाचली. कार्थेजचं कसब संपलं नव्हतं, पहिल्या धडकेत ते फसलं होतं.

आता दुसरा प्रश्न: कावळा गेला कुठे? २५६ च्या एक्नोमसच्या समुद्री लढाईनंतर त्याचा उल्लेख नाही. नेहमीचं उत्तर असं की त्याच्या वजनाने जहाजं वादळात उलटली, म्हणून तो काढला. मी ढोबळ हिशोब मांडून बघितला. फळी ५ सेंटीमीटर जाड धरली तर शिडीचं लाकूड सुमारे ३३० किलो, खांब १४० किलो. लोखंड, कठडा, दोर धरून ६०० किलोच्या आसपास. उभ्या शिडीचा भार उंच असतो, त्यामुळे झोका वाढतो, यात शंका नाही.

पण याच एक्नोमसच्या वर्णनात पॉलिबियस एका रोमन जहाजावर ३०० वल्हेकरी आणि १२० सैनिक सांगतो. जहाजावरच्या सैनिकांची नेहमीची तुकडी ४० च्या आसपास मानतात. जादा ८० माणसं, शस्त्रांसह प्रत्येकी ८० किलो, म्हणजे ६ टनांहून जास्त वजन आणि तेही सगळं वरच्या डेकवर. कावळ्याच्या दहापट! शिवाय शिडी काढून किनाऱ्यावर ठेवता येते, सैन्य आफ्रिकेतून परत आणायचं तर ते जहाजातच बसणार. त्यामुळे वादळाचा सगळा दोष कावळ्यावर टाकणं मला चुकीचं वाटतं.

---

जुनं_नाणं

@खडूफळा, हिशोब पटला. वादळांबाबत आणखी एक बाजू जोडतो, तिथून तिसऱ्या प्रश्नाकडे जाता येईल.

२५५ चं वादळ रोमला चुकवता आलं असतं. रोमन सेनापती रेग्युलस आफ्रिकेत टुनिसजवळ हरला होता (कार्थेजकडून लढणाऱ्या स्पार्टाच्या झँथिपसने सपाट मैदान निवडून हत्ती आणि ४,००० घोडदळ नीट वापरलं). आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आस्पिसला अडकलेले २,००० रोमन आणायला मोठं आरमार गेलं. वाटेत कार्थेजला हरवून त्याने ११४ जहाजं पकडली आणि परत निघालं. सुकाणूवाल्यांनी बजावलं होतं की सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्याने जाऊ नका: तो खडकाळ आहे, आसरा घ्यायला जागा कमी आणि मृग नक्षत्र ते व्याध यांच्या उदयामधला हा काळ धोक्याचा. कॉन्सलांना मात्र विजयाचा बडेजाव मिरवत किनाऱ्यावरची गावं धाकात आणायची होती. कामारिनाजवळ वादळाने गाठलं. ३६४ पैकी ८० जहाजं उरली.

या जहाजांना किनारा का लागतो हेही समजून घ्यायला हवं. ट्रायरीमची आजच्या काळात बांधलेली प्रतिकृती चालवून बघितली तेव्हा उन्हात वल्ही मारणाऱ्याला तासाला सुमारे १ लिटर पाणी लागतं असं दिसलं. ३०० माणसं, ६ तास, म्हणजे १,८०० लिटर. एवढं पाणी रोज जहाजात वाहणं परवडत नाही, झोपायलाही जागा नाही. संध्याकाळी किनारा गाठावाच लागतो. ज्याच्याकडे बंदरं त्याच्याकडे समुद्र. शेवटची दहा वर्षं सगळी मारामारी लिलिबेउम (आजचं मार्साला) आणि ड्रेपाना (आजचं त्रापानी) या पश्चिम सिसिलीतल्या दोन बंदरांसाठी का झाली, याचं उत्तर यात आहे.

वादळानंतर काय केलं? तीन महिन्यांत २२० नवी जहाजं बांधली आणि २५४ मध्ये पानोर्मस (आजचं पालेर्मो) घेतलं. २५३ मध्ये परतताना पुन्हा वादळ, १५० हून जास्त जहाजं गेली. पॉलिबियसच्या हिशोबात पूर्ण युद्धात रोमची ७०० आणि कार्थेजची ५०० क्विंक्वेरीम गेली. जिंकणाऱ्याचं नुकसान जास्त आहे.

हे पेलण्याची ताकद दोस्तांच्या व्यवस्थेत होती. रोमने जिंकलेल्या इटालियन शहरांकडून वार्षिक खंडणी घेतली नाही, माणसं घेतली. तुकडी त्या शहराने उभी करायची, पगारही त्यानेच द्यायचा. त्यामुळे एक सैन्य बुडालं तर रोमच्या तिजोरीला धक्का बसे, पण पुढच्या वर्षीची माणसं आधीच ठरलेली असत. २२५ साली पॉलिबियस इटलीत शस्त्र धरण्याजोगे ७,००,००० पायदळ आणि ७०,००० घोडदळ मोजतो. कार्थेजची जमिनीवरची लढाई बहुतांशी भाडोत्री लोकांवर: लिबियन, इबेरियन, गॉल, लिग्युरियन, बॅलेअरिक बेटांचे गोफणवाले. ते चांगले लढत, पण नगद मोजावी लागे. चांदी संपली की सैन्य थांबलं. कार्थेजने इजिप्तच्या टॉलेमीकडे २,००० टॅलेंट (चांदी तोलायचं माप) उसने मागितले, तेही मिळाले नाहीत.

तरी रोम अमर्याद नव्हतं, हे आग्रहाने सांगतो. नागरिकांच्या गणनेचा आकडा २५२ च्या सुमारास २,९७,७९७ होता, पाचेक वर्षांत तो २,४१,००० च्या आसपास आला. सगळी घट मृत्यूंचीच असेल असं नाही, तरी एवढा मोठा खड्डा नजरेआड करता येत नाही.

---

जिज्ञासू_वाचक

धन्यवाद, बरंच डोक्यात बसलं. मग २४९ ची ड्रेपानाची लढाई? तोवर रोमनांना दहा वर्षांचा अनुभव होता आणि समोरच्यांवर अचानक हल्लाही होता. शकुन बघायच्या पवित्र कोंबड्या दाणे खाईनात (म्हणजे अपशकुन) म्हणून कॉन्सलने त्या समुद्रात फेकल्या आणि म्हणून हरला, एवढंच सगळीकडे सापडतं.

---

वल्हं_आणि_सुकाणू

कोंबड्यांची गोष्ट रोमनांनी जपली कारण त्यामुळे दोष एका माणसाच्या उद्दामपणावर जातो. लढाई हरली ती जागेमुळे.

रोमनांनी लिलिबेउमला घातलेल्या वेढ्यात त्यांचे बरेच वल्हेकरी मेले होते. त्यांच्या जागी १०,००० खलाशी सिसिलीतून पायी चालत आले. कॉन्सल पब्लिउस क्लॉडिअस पुल्खरचा अंदाज असा की ड्रेपानातला कार्थेजचा सेनापती अधरबाल याला ही कुमक आल्याचं ठाऊक नाही, तर रात्री निघून त्याला बंदरातच गाठू. कल्पना वाईट नव्हती. मध्यरात्री निघाले, किनारा उजव्या हाताला ठेवून लांबलचक ओळीत. पहाटे पुढची जहाजं बंदरापाशी पोचली आणि पुल्खरचं स्वतःचं जहाज ओळीच्या शेपटाला होतं.

अधरबालने लढाई बंदरात घेतलीच नाही. रोमन एका बाजूने आत शिरत असताना तो दुसऱ्या बाजूने, खडकांच्या आडून, खुल्या समुद्रात निघाला. पुल्खरने ते बघून पुढच्यांना मागे फिरा सांगितलं. आत शिरलेली जहाजं वळताहेत, मागची अजून आत येताहेत, जहाजावर जहाज आदळलं, वल्ही मोडली. कशीबशी रांग लागली ती किनाऱ्याला पाठ लावून, नाळ समुद्राकडे.

क्विंक्वेरीमला जागा लागते. कुणी अंगावर आलं तर वल्ही उलटी मारून मागे सरायचं, बाजूला वळायचं, शेजाऱ्याच्या मदतीला रांगेमागून जायचं. मागे उथळ पाणी असेल तर यातलं काहीच जमत नाही. कार्थेजच्या जहाजामागे मोकळा समुद्र होता: दबाव आला की मागे सरकायचं, पाठलाग करणारा रोमन एकटा पुढे आला की वळून त्याच्या कुशीत धडक द्यायची. रोमन मागे सरले की वाळूत रुतत. पुल्खर साधारण ३० जहाजांनिशी सुटला, ९३ पकडली गेली.

त्याच वर्षी दुसरा कॉन्सल युनिउस पुल्लुस ८०० मालवाहू गलबतं आणि १२० लढाऊ जहाजं घेऊन येत होता. कार्थेजच्या कार्थालोने त्याला सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यालगत कोंडून ठेवलं. हवा फिरणार हे कार्थालोच्या सुकाणूवाल्यांनी ओळखलं, त्याने पाखिनस भूशिराला वळसा घालून आसरा गाठला. रोमनांची सगळी जहाजं खडकांवर फुटली. सहा वर्षांत तीच चूक, त्याच किनाऱ्यावर.

---

जुनं_नाणं

त्यानंतर काही वर्षं रोमने मोठं आरमार बांधलंच नाही, तिजोरीत पैसा नव्हता. २४२ ची जहाजं श्रीमंतांनी वर्गणीतून बांधली. एकाने, दोघांनी किंवा तिघांनी मिळून एकेक क्विंक्वेरीम सगळ्या सामानासह उभी करायची, युद्ध जिंकलं तर पैसे परत. अशी २०० जहाजं झाली. नमुना यावेळी रुतलेल्या जहाजाचा नव्हता. लिलिबेउमचा वेढा फोडून ये-जा करणाऱ्या 'ऱ्होडियन' हॅनिबलचं वेगवान जहाज रोमनांनी पकडलं होतं, ते समोर ठेवून बांधली.

कॉन्सल गायस लुटाटिउस काटुलुसने वल्हेकऱ्यांकडून रोज सराव करून घेतला. १० मार्च २४१ ला कार्थेजचा हान्नो धान्याने भरलेली जहाजं घेऊन पश्चिम सिसिलीजवळच्या एगाडी बेटांपाशी आला. त्याचा बेत असा: ड्रेपानाजवळच्या एरिक्सला माल उतरवायचा, तिथला कार्थेजचा सेनापती हॅमिल्कार बार्का (पुढच्या युद्धातल्या हॅनिबलचा बाप) याचे कसलेले सैनिक चढवायचे आणि मग लढायचं. वारा कार्थेजच्या पाठीशी आणि रोमनांच्या तोंडावर, समुद्र खवळलेला. काटुलुसने विचार केला की आज वाऱ्याशी झुंजलो तर समोर जड जहाजं आणि नवखे सैनिक आहेत, थांबलो तर हलकी जहाजं आणि हॅमिल्कार. तो निघाला. स्वतः मांडीच्या जखमेने आडवा होता, प्रत्यक्ष लढाईत प्रेटर (कॉन्सलच्या खालचा अधिकारी) क्विंटुस वालेरिउस फाल्टोचा मोठा हात. ५० जहाजं बुडवली, ७० पकडली. या लढाईत कावळ्याचं नावही नाही. रोमनांची जहाजं हलकी, वल्हेकरी तयार, आणि जड होती ती यावेळी कार्थेजची.

तहात ३,२०० टॅलेंट चांदी ठरली, १,००० लगेच आणि बाकी १० वर्षांत. टॅलेंट सुमारे २६ किलोचा धरला तर ८० टनांहून जास्त. कार्थेज भाडोत्र्यांचे पगार देऊ शकलं नाही, त्यांनी बंड केलं, आणि त्या गडबडीत २३८ मध्ये रोमने सार्डिनिया घेऊन वर १,२०० टॅलेंट आणखी लादले. रोमविरुद्धचा हॅमिल्कारच्या घराण्याचा राग समजून घ्यायचा तर २४१ पेक्षा २३८ कडे बघावं.

---

खडूफळा

एगाडीबद्दल एक भर. लेवांझो बेटाच्या वायव्येला सुमारे ८० मीटर खोलीवर या लढाईतल्या, शत्रूच्या जहाजाला धडक द्यायच्या नाळेच्या काशाच्या चोची सापडल्या आहेत, आतापर्यंत २० हून जास्त. बहुतेक चोचींच्या मापावरून जहाजं क्विंक्वेरीमपेक्षा लहान वाटतात, त्यामुळे पॉलिबियसची सगळीच जहाजं क्विंक्वेरीम होती का, यावर अजून वाद आहे. एका चोचीवर प्युनिक लिपीत बाल देवाला साकडं आहे. बऱ्याच चोचींवर लॅटिनमध्ये क्वेस्टरांची (रोमच्या खजिन्याच्या अधिकाऱ्यांची) नावं आणि 'तपासून मान्य केलं' अशा अर्थाचा शब्द, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याने माल बघून घेतल्याची नोंद.

गंमत अशी की बुडालेल्या जहाजांत जास्त चोची रोमन आहेत, आणि हरलं तर होतं कार्थेज. त्याचा एक चांगला खुलासा असा की ड्रेपानाला पकडलेली ती ९३ जहाजं कार्थेजने दुरुस्त करून वापरात घेतली होती, आणि रोमन क्वेस्टराने मान्य केलेली चोच आठ वर्षांनी रोमनांसमोरच उभी राहिली.